नवा वाइडस्क्रीन मॉनिटर आणला आणि अक्षरं पसरट झाली? जुन्या ग्राफिक्स कार्डाला शिव्या घालण्याआधी हे वाचा

आमगाव. मुंबई-हावडा रेल्वेमार्गावर गोंदियाच्या पुढचं, पंचवीसेक किलोमीटरवरचं तालुक्याचं गाव. चारही बाजूंनी धानाची शेती. आणि कुठल्याही तालुक्याच्या गावात दिसतं तेच दृश्य इथंही. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, शिष्यवृत्तीचा फॉर्म, धान विक्रीची ऑनलाइन नोंदणी, असं प्रत्येक काम घेऊन माणसं एका काउंटरसमोर उभी राहतात. काउंटरच्या पलीकडे एक कॉम्प्युटर असतो. तो बहुतेक वेळा दहा-बारा वर्षं जुना असतो.

समजा, अशाच एका दुकानातला जुना चौकोनी मॉनिटर ऐन ॲडमिशनच्या दिवसांत बंद पडला. दुकानदार गोंदियाला जातो, २२ इंची नवा वाइडस्क्रीन मॉनिटर घेऊन येतो आणि निळ्या टोकाची केबल जुन्याच सीपीयूला जोडतो. स्क्रीन चालू होते. पण आयकॉन बसके दिसतात, गोल लोगो अंड्यासारखा होतो, फोटोतला सडपातळ विद्यार्थी एकदम गुटगुटीत होतो.

काउंटरवरचा पोरगा म्हणतो, "काकाजी, नाव बरोबर हाय का पाहून घ्या." काकाजी डोळे बारीक करतात. "मले तं सगळंच पुसट दिसते, बाबू."

मग सल्ले सुरू होतात. कोणी म्हणतं ग्राफिक्स कार्ड जुनं झालं, नवं टाका. कोणी म्हणतं सीपीयूच बदला. सल्ला ऐकला तर काही हजार रुपये जातात. आणि गंमत म्हणजे बऱ्याचदा ते खर्च करायची गरजच नसते.

पुसट दिसलं तर एवढं काय बिघडलं?

गोंदिया जिल्ह्यात अगदी सहज ऐकू येणारी दोन आडनावं घ्या. रहांगडाले आणि टेंभरे. दोन्हींत अनुस्वार आहे. 'टेंभरे'मध्ये तर तो मात्रेला अगदी खेटून बसतो. छोट्या फॉन्टमध्ये हा अनुस्वार म्हणजे स्क्रीनवरचे एक-दोन ठिपके. बस. इंग्रजी अक्षर थोडं पुसट झालं तरी वाचता येतं. देवनागरीत मात्र अनुस्वार, रफार, ऱ्हस्व-दीर्घ वेलांटी हे सगळं शिरोरेषेच्या वर अंगुळभर जागेत दाटीनं बसलेलं असतं. स्क्रीन पुसट झाली की पहिला बळी यांचाच जातो.

'टेंभरे'चं 'टेभरे' झालं आणि तसाच दाखला छापून आला, तर शाळेच्या दाखल्यावर एक नाव आणि जातीच्या दाखल्यावर दुसरं. मग प्रतिज्ञापत्र, पुन्हा अर्ज, पुन्हा तहसीलच्या चकरा. रोजंदारी बुडवून आलेल्या माणसासाठी ही चकर स्वस्त नसते.

तर हे पुसटपण येतं कुठून? एलसीडी मॉनिटरवर ठिपके कायमचे कोरलेले असतात. फुल एचडी मॉनिटर म्हणजे आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके. सीपीयूकडून बरोबर १९२० × १०८० चं चित्र आलं तर प्रत्येक ठिपका आपापल्या जागी बसतो. पण सीपीयूनं १०२४ × ७६८ पाठवलं, तर मॉनिटरला ते ताणावं लागतं. आडवं जवळपास पावणेदोन पटीहून जास्त, उभं दीड पटीपेक्षाही कमी. म्हणून गोल वस्तू अंड्यासारखी होते. आणि एक ठिपका पावणेदोन ठिपक्यांत बसवायचा म्हणजे कडा पुसट होणारच. जुन्या जाड, डब्ब्यासारख्या सीआरटी मॉनिटरला हा त्रास नव्हता, कारण त्यात असे कोरलेले ठिपके नव्हते. म्हणून ज्यांचा हात सीआरटीवर बसला त्यांना 'रिझोल्यूशन काहीही ठेवा, चालतंय' अशी सवय लागली. ती सवय एलसीडीवर नडते.

जुन्या कार्डात तेवढा दम असतो का?

बहुतेक वेळा असतो. हिशोब करून बघा.

फुल एचडीचे एकूण ठिपके होतात २०,७३,६००. प्रत्येक ठिपक्याच्या रंगासाठी ४ बाइट धरले तर एक पूर्ण चित्र साधारण ८ एमबीत मावतं. मदरबोर्डवर बसवलेलं जुन्यातलं जुनं ग्राफिक्ससुद्धा याच्या कितीतरी पट मेमरी वापरू शकतं. 'कार्डाची मेमरी कमी आहे म्हणून वाइड मॉनिटर चालत नाही' हे वाक्य दुकानात ऐकलं तर दुसऱ्या दुकानात जायला हरकत नाही. मेमरी गेमिंगला लागते. दाखले टाइप करायला आणि सातबारा बघायला नाही.

आता इंटेलच्या जी३१ चिपसेटचं उदाहरण. २००७ च्या आसपासचा हा चिपसेट, आणि त्याच्यावरचे मदरबोर्ड भारतात गल्लोगल्ली विकले गेले. त्याचं ग्राफिक्स निळ्या व्हीजीए पोर्टातून २०४८ × १५३६ पर्यंतचं चित्र देऊ शकतं. म्हणजे ३१ लाखांहून जास्त ठिपके, फुल एचडीच्या दीडपट. ताकद आहे. अडतं ते दुसरीकडेच.

पहिला संशयित, ड्रायव्हर

ड्रायव्हर म्हणजे विंडोज आणि ग्राफिक्स यांच्यातला दुभाषी. मागच्या काही वर्षांत असंख्य जुन्या मशीनवर विंडोज ७ काढून विंडोज १० टाकलं गेलं. पण जी३१ सारख्या जुन्या चिपसेटसाठी इंटेलनं विंडोज १० चा ड्रायव्हर काढलेलाच नाही. मग विंडोज काय करतं? स्वतःकडचा एक कामचलाऊ ड्रायव्हर लावतं. नाव, मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर. स्क्रीन दिसते, काम चालतं, पण रिझोल्यूशनच्या यादीत मोजकेच आकडे मिळतात आणि तेही बहुधा जुन्या चौकोनी मॉनिटरचे. जुना मॉनिटर स्वतःच चौकोनी होता तोवर हे कोणाच्या लक्षातही आलं नाही. वाइड मॉनिटर लागला आणि पितळ उघडं पडलं.

तपासायला अर्धा मिनिट लागतो. स्टार्टवर राइट क्लिक करा, डिव्हाइस मॅनेजर उघडा, डिस्प्ले अडॅप्टर्सवर क्लिक करा. तिथं इंटेल, एनव्हिडिया किंवा एएमडीचं नाव दिसलं तर दुभाषी ठीक आहे. 'मायक्रोसॉफ्ट बेसिक' दिसलं तर चोर सापडला.

ड्रायव्हर मिळत असेल तर मदरबोर्ड किंवा कार्ड बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरूनच घ्या. सर्चमध्ये वर येणारी 'सगळे ड्रायव्हर एका क्लिकवर' छाप सॉफ्टवेअर टाकू नका. ज्या कॉम्प्युटरवर लोकांचे आधार क्रमांक टाइप होतात त्यावर तर अजिबातच नाही.

हा आजार नवाही नाही. पंधरा-वीस वर्षांपूर्वी वाइडस्क्रीन लॅपटॉप यायला लागले तेव्हा इंटेलच्या ग्राफिक्सच्या बायोसमध्ये रुंद मापांची नोंदच नसायची. तेव्हा लिनक्सवाल्यांनी '९१५रिझोल्यूशन' नावाचं एक छोटं सॉफ्टवेअर बनवलं. ते बायोसमधल्या यादीत नवं माप घुसवायचं. हार्डवेअर तेच, फक्त यादी बदलली, की चित्र चोख. आजही हे जुने इंटेल ग्राफिक्स लिनक्सवर फुल एचडी देतात. अडचण एवढीच की बोटांचे ठसे घेणाऱ्या मशीनचे ड्रायव्हर बहुतेक विंडोजसाठी असतात, त्यामुळे सेवा केंद्राच्या काउंटरवर लिनक्स टाकणं प्रत्येकाला जमेलच असं नाही. घरच्या वापरासाठी मात्र हा फुकटातला उपाय आहे.

दुसरा संशयित, ती निळी केबल

मॉनिटर लावला की सीपीयूला कसं कळतं समोर कोण आलंय?

प्रत्येक मॉनिटरच्या पोटात एक ओळखपत्र असतं. त्याला ईडीआयडी म्हणतात. १९९० च्या दशकात ही पद्धत आली. कंपनी कोणती, किती रुंद, कुठलं रिझोल्यूशन हवं, सगळं त्यात लिहिलेलं. मूळ ओळखपत्र फक्त १२८ बाइटचं. युनिकोड मराठीत एवढ्या जागेत जेमतेम ४२ चिन्हं मावतात, म्हणजे एक धड शुभेच्छा संदेशही नाही. पण कॉम्प्युटरला तेवढं पुरतं. ते वाचलं की डिस्प्ले सेटिंग्जमध्ये योग्य आकड्यासमोर 'रेकमेंडेड' असं लिहून येतं.

व्हीजीए केबलमध्ये १५ पिना असतात. त्यातल्या १२ आणि १५ नंबरच्या पिना हे ओळखपत्र पोचवतात. एक पिन वाकली, किंवा स्वस्त केबलमध्ये या तारा जोडलेल्याच नसल्या, तर चित्र दिसतं पण ओळखपत्र पोचत नाही. सीपीयू म्हणतं, समोर कोणीतरी अनोळखी आहे, जपून राहा, आणि सुरक्षित म्हणून कमी रिझोल्यूशन पाठवतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये मॉनिटरच्या नावाऐवजी 'जेनेरिक नॉन-पीएनपी मॉनिटर' दिसलं तर हाच प्रकार समजा. नव्या मॉनिटरच्या डब्यात आलेली केबल न वापरता जुनीच केबल ठेवली, की हे हमखास होतं.

अजून एक. व्हीजीए ही ॲनालॉग पद्धत, आयबीएमनं १९८७ मध्ये आणलेली. डिसेंबर २०१० मध्ये इंटेल, एएमडी, डेल, लेनोवो, सॅमसंग, एलजी या कंपन्यांनी २०१५ पर्यंत ती संपवायचं जाहीरही केलं होतं. काउंटरांवर ती अजून जिवंत आहे! ॲनालॉग असल्यामुळे रिझोल्यूशन बरोबर असूनही चित्र एका बाजूला सरकतं किंवा अक्षरांच्या मागे सावली दिसते. अशा वेळी मॉनिटरच्या मेनूतलं 'ऑटो ॲडजस्ट' एकदा दाबायचं. बऱ्याच जणांच्या मॉनिटरवर ते बटण आयुष्यात कधी दाबलंच गेलेलं नसतं.

१३६६ चं विचित्र गणित

साडेअठरा इंची स्वस्त मॉनिटरचं माप असतं १३६६ × ७६८. जुन्या मशीनवर मात्र यादीत १३६० किंवा १३६८ दिसतं, १३६६ सापडतच नाही. लोकांना वाटतं मॉनिटर डुप्लिकेट आहे.

तसं नसतं. जुनी ग्राफिक्स व्यवस्था रुंदी आठच्या पटीत मोजते. ओळखपत्रातल्या ठरावीक मापांच्या रकान्यातही रुंदी आठनं भागूनच लिहायची असते. १३६६ ला आठनं भाग जात नाही, १३६० आणि १३६८ ला जातो. म्हणून जवळचा आकडा पुढे येतो आणि अक्षरं किंचित थरथरल्यासारखी दिसतात. नीट ड्रायव्हर असेल तर हे सुटतं. नाहीतर १३६० ठेवून काम चालवावं, डोळ्यांना फारसं कळत नाही.

टोकं जुळत नाहीत तेव्हा

काही नव्या मॉनिटरना व्हीजीए पोर्टच नसतो, फक्त एचडीएमआय. इथं सगळ्यात जास्त पैसे वाया जातात.

सीपीयूला व्हीजीए आणि मॉनिटरला एचडीएमआय असेल तर ॲनालॉगचं डिजिटल करावं लागतं. त्यासाठी आत चिप असलेला कन्व्हर्टर लागतो, ज्याला अनेकदा यूएसबीतून वीजही द्यावी लागते. एका टोकाला व्हीजीए, दुसऱ्या टोकाला एचडीएमआय आणि मध्ये नुसती तार अशा केबल बाजारात मिळतात. त्यातून चित्र येत नाही. उलट दिशेचा, म्हणजे एचडीएमआयमधून व्हीजीए काढणारा कन्व्हर्टर वेगळा असतो. दोन्ही दिसायला भाऊ-भाऊ, पण एकाचं काम दुसरा करत नाही. दुकानात 'व्हीजीए-एचडीएमआय द्या' एवढंच म्हणू नका. सीपीयूला काय आहे आणि मॉनिटरला काय आहे, ते सांगा.

सीपीयूला पांढरा चौकोनी डीव्हीआय पोर्ट असेल तर नशीब चांगलं. डीव्हीआय आणि एचडीएमआय यांची चित्राची भाषा एकच आहे, त्यामुळे साधा जोड पुरतो. आवाजासाठी मात्र स्पीकर वेगळे लावायची तयारी ठेवा.

एचडीएमआय लावल्यावर टास्कबार अर्धा स्क्रीनबाहेर गेला किंवा चारी बाजूंनी काळी पट्टी आली तर घाबरू नका. कार्ड मॉनिटरला टीव्ही समजतंय. ग्राफिक्सच्या कंट्रोल पॅनेलमध्ये ओव्हरस्कॅन किंवा स्केलिंग असं काहीतरी सापडेल, ते शून्यावर आणा. आणि सीपीयूला आधीच वेगळं कार्ड असेल तर केबल त्याच कार्डाला लावली आहे ना, हेही बघा. मदरबोर्डच्या पोर्टाला केबल लावून 'कार्ड उडालं' म्हणणारे कमी नाहीत.

मग कार्ड खरंच कमी पडतं कधी?

मॉनिटर फुल एचडीच्या पुढे गेला की.

हल्ली एडिटिंग करणाऱ्या पोरांना अल्ट्रावाइड मॉनिटरचा मोह पडतो. २५६० × १०८० किंवा ३४४० × १४४०. इथं मेमरी नाही, पोर्टाचा वेग आडवा येतो. साधा सिंगल लिंक डीव्हीआय आणि सुरुवातीचा एचडीएमआय सेकंदाला साडेसोळा कोटी ठिपक्यांपर्यंत पाठवू शकतात, ज्याला १६५ मेगाहर्ट्झ म्हणतात. फुल एचडीला ६० हर्ट्झवर १४८.५ लागतात, म्हणजे बसतं. २५६० × १०८० ला १८० च्या वर लागतात. नाही बसत. २०११ मध्ये आलेल्या इंटेलच्या दुसऱ्या पिढीच्या आय३, आय५ चं अंगभूत ग्राफिक्सही एचडीएमआयमधून १९२० × १२०० लाच थांबतं. तिथं अल्ट्रावाइड लावला तर दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतील किंवा चित्र ताणलं जाईल. हा पैसा पाण्यात. अल्ट्रावाइड घ्यायचाच असेल तर कार्डाला डिस्प्लेपोर्ट किंवा नवा एचडीएमआय आहे का ते आधी बघा, मग मॉनिटरचं बोला.

वेगवान रिफ्रेशचा मात्र प्रश्न नाही. मॉनिटर ७५ किंवा १०० हर्ट्झचा असला तरी तो ६० वर मुकाट चालतो.

दुसरी खरी अडचण म्हणजे वर सांगितलेली, ड्रायव्हरच मिळत नाही आणि विंडोज १० सोडता येत नाही. तेव्हा छोटं कार्ड घेणं हाच सरळ मार्ग. पण ते कार्ड कमजोर होतं म्हणून नाही, कंपनीनं हात वर केले म्हणून. अशा वेळी सगळ्यात महागडं कार्ड घ्यायची गरज नाही. जीटी ७१० सारखं साधं कार्ड जेमतेम १९ वॅट खातं, म्हणजे जुन्या एसएमपीएसवर भार येत नाही, आणि त्याला व्हीजीए, डीव्हीआय, एचडीएमआय तिन्ही मिळतात. घेण्याआधी कॅबिनेट उघडून मदरबोर्डवर लांब पीसीआय एक्सप्रेस स्लॉट रिकामा आहे का बघा. कॅबिनेट बारीक, आडवं असेल तर कार्डासोबत छोटी पट्टी हवी, नाहीतर झाकण लागत नाही. अगदी जुन्या, २००४ च्या आधीच्या मशीनमध्ये एजीपी स्लॉट असेल तर मात्र त्यावर खर्च करू नका.

आणि मॉनिटर अजून घेतलाच नसेल तर?

इंच बघून फसू नका. इंच तिरके मोजतात. १७ इंची जुना चौकोनी एलसीडी उंचीला साधारण साडेदहा इंच असतो. साडेअठरा इंची वाइडस्क्रीन भरतो नऊ इंच. आकडा मोठा, पण उंची दीड इंचानं कमी! ठिपकेही उभे १०२४ ऐवजी ७६८. लांबलचक ऑनलाइन फॉर्म भरणाऱ्याला याचा अर्थ पानोपानी जास्त स्क्रोल. जुन्या १७ इंचीएवढी उंची हवी असेल तर साडेएकवीस इंची फुल एचडी लागतो, जो दुकानात २२ म्हणून विकला जातो. त्यावर अक्षरंही जवळपास जुन्याच आकाराची राहतात. वयस्कर डोळ्यांना ती बारीक वाटली तर रिझोल्यूशन कमी करू नका, तिथंच सगळा घोळ पुन्हा सुरू होतो. डिस्प्ले सेटिंग्जमध्ये स्केल १०० वरून १२५ टक्के करा. अक्षर मोठं होतं आणि ठिपके जागेवर राहतात.

गोंदियाला जाताना सीपीयूच्या मागच्या पोर्टांचा मोबाइलवर एक फोटो काढून न्या. जमलं तर सीपीयूच सोबत घ्या, दुकानातच मॉनिटर लावून बघा, आणि नोटपॅडमध्ये 'टेंभरे' टाइप करून त्यातला अनुस्वार हातभर अंतरावरून दिसतो का ते पाहूनच पैसे द्या.